हमरियातले चाळीस फोटो

मंजुषा टिपणीस हिला प्रत्येक गोष्टीवर मत होतं, आणि पंचाईत अशी की ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं. शारजात अल मजाजमधल्या त्यांच्या टॉवरची कुठली लिफ्ट यंदा बंद पडणार, हेसुद्धा ती आधी सांगून ठेवायची. असं माणूस घरात असलं तर घरच्यांना सवय होते. ऑफिसात असलं की त्याला मॅनेजर करतात. हमरिया फ्री झोनमधल्या एका कार्गो तपासणीच्या कंपनीत ती अकरा वर्षं ऑपरेशन्स मॅनेजर होती. जहाजातून माल उतरला की तिचे नऊ सर्व्हेयर यार्डात जाऊन त्याचे फोटो काढायचे. गंज, पोचा, ओल, जे असेल ते त्यात दिसायचं, आणि नुकसानभरपाईची भांडणं त्या फोटोंवर मिटायची.

एप्रिलमध्ये या नऊ जणांसाठी नवे फोन घ्यायचे ठरले आणि ऑफिसात दोन पक्ष पडले. कंपनीचे मालक गुणवंत कारखानीस यांचा चिपवर भारी जीव. फोन कोणाचा ते विचारू नका, आत चिप कोणाची ते विचारा, असं ते म्हणायचे, आणि ती केस्टर कंपनीची असली की त्यांचा चेहरा खुलायचा. मंजुषा केस्टरच्या स्पर्धक कंपनीची, व्होलानवाली.

"सर, तुमची केस्टर पहिली पाच मिनिटं पळते आणि मग धापा टाकते. व्होलान गाजावाजा करत नाही, पण दिवसभर चालते."

"अहो मॅडम, दोन्ही चिप तैवानच्या एकाच कारखान्यात बनतात. फरक फक्त डिझाईनचा."

"पोळ्याही एकाच तव्यावर भाजतात सर. पुरण कोणी शिजवलंय त्यावर चव ठरते."

सगळे हसले, पण चेकवर सही गुणवंतसरांची होती. केस्टरची नवी चिप असलेले नऊ झेनार अल्ट्रा फोन आले. एकेक चार हजार दोनशे दिरहमचा. "म्हणजे लाखभर रुपये हो," सर दिसेल त्याला सांगत होते. मंजुषा म्हणाली, बरं, मग निदान कव्हर तरी माझ्या पसंतीचं. गेल्या वर्षी शिडीवरून पडून चार फोन फुटले होते. तिने जाड काळ्या रबराची, पुढून झाकण असलेली कव्हरं मागवली आणि नोटीस बोर्डावर सर्क्युलर लावलं: कामावर कव्हर काढलेलं दिसलं तर वॉर्निंग लेटर मिळेल. त्यानंतर एकही फोन फुटला नाही, आणि हे ती दर मीटिंगला एकदा तरी ऐकवायची.

जुलैत घोळ झाला. नऊ सर्व्हेयरांपैकी रिझवान सोळा वर्षांपासून कंपनीत होता. दापोलीकडचा, कमी बोलणारा, सांगितलेलं काम सांगितल्यासारखं करणारा. त्याला पोलादाच्या गुंडाळ्यांचे चाळीस फोटो काढायचे होते. चौदा झाले आणि फोन बंद पडला. गार होऊन तो चालू होईपर्यंत ट्रेलरवाले माल भरून निघून गेले होते. आठवड्याने ग्राहकाची तक्रार आली की माल गंजलेला आहे, आणि नेमके त्याच गुंडाळ्यांचे फोटो नव्हते.

"फोन तापला म्हणे," गुणवंतसर मंजुषाला म्हणाले. "फ्लॅगशिप फोन तापला? केस्टरची चिप? बाकी आठ जणांचे का नाही बंद पडत? शेडमध्ये झोपला असेल. त्याचा व्हिसा या महिन्यात रिन्यू व्हायचाय ना? मी नाही करणार. खलास."

मंजुषाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. रिझवानला ती ओळखत होती. हा माणूस झोपला असता तर झोपलो म्हणून स्वतः लिहून दिलं असतं त्याने. आणि पन्नाशीला टेकलेल्या माणसाला सोळा वर्षांनी असं घरी पाठवायचं, तेही खोटा ठरवून?

"सर, तो उन्हात उभा राहतो म्हणून त्याचा फोन तापतो. बाकीचे दोन फोटो काढून गाडीच्या एसीत पळतात. दोष तुमच्या चिपचा आहे. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. गुरुवारी यार्डात या. त्याच जागी, त्याच उन्हात, तुम्ही स्वतः चाळीस फोटो काढा. एकदा रिझवानच्या फोनने आणि एकदा माझ्या मुलीच्या फोनने. त्याच्यात व्होलान आहे."

"आणि केस्टरने चाळीस काढले तर?"

"तर व्हिसाचं तुम्ही म्हणाल ते."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की पैज तिची होती आणि पणाला रिझवान लागला होता. पण तिला आपण हरू असं जरासुद्धा वाटत नव्हतं.

गुरुवारी सकाळी ईशानीने चहा पिता पिता आपला फोन आईच्या हातात दिला. ती इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. "ममा, धिस इज नॉट अ फेअर टेस्ट. त्या फोनला एवढं जाड कव्हर, अँड माइन हॅज नथिंग. चेंज वन थिंग अॅट अ टाइम."

"कव्हर पडण्यापासून वाचवतं, बाळा. त्याचा इथे काय संबंध?" मंजुषा म्हणाली आणि किल्ल्या घेऊन निघाली.

साडेबारानंतर उन्हाळ्यात उघड्यावर काम करायला बंदी असते, म्हणून साडेअकरालाच सुरुवात केली. पारा सेहेचाळीसवर. गुणवंतसर डोक्याला रुमाल बांधून फोटो काढत होते, रिझवान बाजूला उभा राहून आकडा मोजत होता. सतराव्या फोटोला झेनारने फोन तापल्याची सूचना दाखवली आणि कॅमेरा बंद झाला. मग सरांनी ईशानीचा फोन घेतला. एकोणचाळीस, चाळीस. काही झालं नाही.

गुणवंतसरांनी डोक्याचा रुमाल सोडून तोंड पुसलं. माणूस हट्टी होता, पण लबाड नव्हता. "रिझवान, माफ कर," ते म्हणाले. "तुझ्या व्हिसाचा अर्ज सोमवारी टाकतो. आणि मॅडम, जिंकलात तुम्ही. हे नऊही फोन विकून टाकू, व्होलानवाले घेऊ. कव्हर मात्र तुमचं तेच ठेवा हं, मजबूत आहे. यल्ला, एसीत चला."

जिंकली की ती. आता हसायचं आणि गाडीत बसायचं, एवढंच उरलं होतं. पण बंद पडलेला फोन तिच्या हातात होता, आणि तो वरून जेवढा गरम लागत होता त्याच्या दुप्पट कव्हराच्या आतून लागत होता. तिने झाकणाखाली बोट घातलं आणि ते लगेच बाहेर काढलं. पोळ्यांच्या डब्यातून वाफ यावी तशी आच आली. ईशानीचं सकाळचं बोलणं तिला आठवलं, आणि ते आठवू नये असं तिला फार वाटलं.

गप्प राहिलं तर? आज रिझवान वाचला होता. पण नवे फोन याच कव्हरात जाणार होते. पुढच्या आठवड्यात तेही बंद पडले असते, आणि तेव्हा चिपला दोष द्यायची सोय उरली नसती. मग पुन्हा रिझवानच.

"सर, थांबा. अजून वीस मिनिटं आहेत." तिने कव्हर ओढून काढलं, फोन गाडीत एसीपुढे धरला, तो चालू झाल्यावर पुन्हा त्याच जागी उन्हात येऊन उभी राहिली आणि स्वतः फोटो काढायला लागली. सतरावा गेला. तिसावा गेला. बारा वाजून चोवीस मिनिटांनी रिझवान म्हणाला, "चाळीस."

"चिप चांगली आहे, सर," मंजुषा म्हणाली. घामाने तिचे डोळे चुरचुरत होते. "कव्हराने आतल्या आत उकडली. आणि ते कव्हर मी आणलंय."

गुणवंतसरांना खरं तर टाळी वाजवायची होती, ते दिसत होतं. त्यांनी फक्त विचारलं, "मग बाकी आठ जणांचे फोन कसे चालले?"

मंजुषाने रिझवानकडे बघितलं. तो बुटांकडे बघत होता.

"सगळे कव्हर काढून फोटो काढतात, मॅडम," तो हळूच म्हणाला. "सर्क्युलर होतं म्हणून मी काढत नव्हतो."

"अरे, मग बोलला का नाहीस? नोकरी जात होती तुझी."

"बोललो असतो तर त्या आठांना तुमचं वॉर्निंग लेटर गेलं असतं."

मंजुषाचं ऐकणारा साऱ्या यार्डात एकच माणूस होता, आणि तोच तिच्यापायी घरी जायला निघाला होता. तिला स्वतःची लाज वाटली.

ऑफिसात आल्यावर पाणीही न पिता ती नोटीस बोर्डापाशी गेली, जुना कागद काढला आणि त्याच्या पाठीवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं: "फोटो काढताना कव्हर काढावं. हे कव्हर मंजुषा टिपणीस यांनी निवडलं होतं. ती निवड चुकली. त्यापायी रिझवान यांच्यावर आळ आला, तो खोटा आहे." कागद तिने चार टाचण्या मारून लावला, आणि गुणवंतसरांना तो वाचता यावा म्हणून बाजूला झाली.

सरांच्या मागोमाग रिझवाननेही तो वाचला. सर्क्युलर वाचायचा तसाच, सावकाश, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत. मग त्याने खिशातलं पेन काढून तिच्यापुढे धरलं.

"मॅडम, सही राहिली."

मंजुषाने सही केली.