ताई, एवढं करून द्या

कोट जाळला माझ्या मोठ्या जावेने. नाव लागलं माझं.

आमच्या घरची लाँड्री. पुढे काउंटरवर मी बसायचे, मागे इस्त्रीला ती. एका गिऱ्हाइकाच्या लोकरी कोटाच्या पाठीवर तिने इस्त्रीचा तिकोनी डाग उमटवला आणि सासऱ्यांना म्हणाली, "मी जेवायला गेले होते बाबा, तेवढ्यात हिने इस्त्री फिरवली." सासऱ्यांनी शिक्षा म्हणून मला आत इस्त्रीला उभं केलं आणि काउंटर तिला दिलं.

त्यानंतर ती माझ्याशी धड बोलेना. चोराच्या उलट्या बोंबा. पण आत वाफेत उभं राहून मी एक गोष्ट ओळखली: आपण ज्याचं वाईट करतो, त्याचाच आपल्याला राग यायला लागतो. मग उलटंही खरं असणार: ज्याच्यासाठी राबतो, त्याची माया लागते. हिच्याकडून माझ्यासाठी कामं करून घ्यायची आणि माझं काउंटर परत मिळवायचं.

"ताई, एवढी सुई ओवून द्या ना. मला मेलं नेढंच दिसत नाही." तिने नाक मुरडत ओवली. पुढच्या आठवड्यात, एवढी कॉलर धरा. मग, एवढं पाठीला मलम लावा. ती मला डोळ्यांसमोर नको होती आणि मी गोड हसत होते. सहा महिन्यांत बाई गिऱ्हाइकांना सांगू लागली, "माझी धाकटी गुणाची आहे हो."

एका दुपारी माझा हात भाजला. पट्टी बांधता बांधता ती रडायला लागली आणि तशीच सासऱ्यांपुढे जाऊन उभी राहिली. "बाबा, तो कोट मी जाळला होता."

सासऱ्यांनी गल्ल्याची किल्ली माझ्यापुढे ठेवली. मग मला म्हणाले, "काउंटर तुझं. हिचं काय करायचं ते तूच सांग."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी सोडून देईन याची तिला खात्री होती. खरं सांगते, सोडावंसं वाटलंही. सहा महिने खोटं खोटं 'ताई, ताई' करून माझीच जीभ मऊ झाली होती.

"राहू दे आत," मी म्हणाले. "कायमची."

ती निमूट आत गेली. संध्याकाळपर्यंत मला तिच्या चपलांचा आवाज खुपायला लागला, दुसऱ्या दिवशी तिचं खोकणं. आता मी गिऱ्हाइकांना सांगते, ती मुळातच कामचुकार आहे. सांगताना मला ते अगदी खरं वाटतं.

काल तिने आतून विचारलं, "अगं, हात बरा आहे का आता?"

विचारायची हिंमत तरी बघा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.