कुटार गाळलेली माती

शेवटी खुर्शीदबीची गाय गाभण राहिली, आणि त्या दिवशी मी तिच्यापर्यंत पायी गेलो. नव्या टायरांचा त्यात काहीएक हात नव्हता. आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही लिहिलेलं नाही. टायर घ्यायला निघालो तेव्हा यातलं काही घडलेलं नव्हतं आणि मी मोठ्या आशेत होतो.

माझं काम गाईंना कांडी भरायचं. सरकारी कागदावर त्याला कृत्रिम रेतन म्हणतात, गावात मला ‘फटफटीवाला वळू’ म्हणतात. मोटारसायकलच्या बाजूला द्रव नायट्रोजनचं भांडं टांगलेलं, त्यात सळीसारख्या बारीक कांड्या, आणि प्रत्येक कांडीत एकेका बैलाचं जेवढं कामाचं तेवढं. म्हणजे मी रोज गोठाभर बैल घेऊन फिरायचो आणि त्यांतल्या एकालाही चारा लागत नव्हता. आमच्या भागाला परवडतील असे बैल तेवढेच होते.

शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी पॅकेजची वर्षं होती ती. पेपरात आमच्या जिल्ह्यांची नावं रोज यायची, चांगल्या कारणानं नाही. बाहेरून माणसं यायची, बांधावर उभी राहायची, मूठभर माती उचलून गंभीर व्हायची आणि मग हात पुसायला रुमाल मागायची. मातीची तपासणी, पाण्याची तपासणी, माणसांची तपासणी, सगळं जोरात होतं. त्यातच गाई वाटल्या. मोठ्या, संकरित, भरपूर खाणाऱ्या.

भातकुली तालुक्यात, खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथलं पाणी खारं आणि काळी माती चिकट, खारवाडी नावाचं गाव आहे. तिथं अशा काही गाई आल्या आणि एकेक करून बाजाराच्या रस्त्यानं निघून गेल्या. एकच उरली, खुर्शीदबीची. खुर्शीदबी एकटी बाई. गुडघे गेलेले. गाय येण्याआधी ती लोकांच्या वावरात निंदायला जायची, बसून-सरकून. गाय आली तशी ती घरी दूध काढू लागली. पण गाय आटली, आणि आता ती गाभण राहीना. दोनदा उलटली, म्हणजे कांडी भरूनही पुन्हा माजावर आली. दोन्ही वेळी मी उशिरा पोचलो होतो. गाय माजावर आली की मुदत फार तर अर्ध्या-पाऊण दिवसाची, आणि पावसाळ्यात डांबरी रस्ता ते खारवाडी हा तुकडा मला तेवढ्यात पार होत नव्हता.

“चाची, माह्यामुळं झालं,” मी दुसऱ्या वेळी म्हणालो.

“तुह्यामुळं कसं? गाय तुही हाये का?” ती म्हणाली. “माहा दीर म्हणते, आता एक डाव पाह्यतो. नाई राह्यली तं नेतो बाजारात. मी हो म्हटलं. मंग माहा खुरपा हायेच. ठेवला हाये मी, फेकला नाई.”

तिनं खुरपं कुठं ठेवलंय ते दाखवलं. दाराच्या आत, खुंटीवर. मला ते बघायचं नव्हतं.

म्हणून मी अमरावतीला शाहनवाजभाईच्या दुकानात गेलो. टायरचं दुकान, पण त्याची पद्धत अशी की आधी आपल्या रस्त्याची माती आणायची, मग टायर. तो ती भिजवायचा, टायरवर दाबायचा, चाक फिरवायचा आणि बघत राहायचा. ज्योतिषी बघतो तसं, फक्त हा कमी बोलायचा.

“कुठं कुठं फिरते तुही गाडी?” त्यानं विचारलं.

“सोमवारी अमरावतीच्या जवळपास, डांबरी. मंगळवारी नांदगाव खंडेश्वरकडे, मुरूम आन् गोटे. बाकी भातकुली, खारपाण.”

“म्हणजे तुले तीन गाड्या पायजेत.”

“एकच हाये.”

“मंग तीन टायर लाव. एक पुढं, एक मागं, एक गळ्यात.” त्यानं चहा सांगितला. “देख बाबू, डांबरावर सपाट नक्षी चांगली, जास्त रबर जमिनीले लागते. गोट्यात जाड कडेचा पायजे, फाटत नाई. चिखलात बटन टायर. पण बटनातही दोन जाती. दाट बटन मुरमात पळते, पण काळी माती त्याच्या फटीत बसली का ते टायर राह्यत नाई, लाडू होते. दूर बटनवाला माती फेकते, पण डांबरावर घरघर करते आन् लवकर घासते. सगळीकडं चालणारा टायर कंपनी बनवते, पण तो सगळीकडं थोडा थोडा चालत नाई. तुले कुठं पोचायचंच हाये, ते सांग.”

या प्रश्नावर मी चहा थंड होईपर्यंत विचार केला. आजवर मला कोणी असं विचारलंच नव्हतं. पदविकेच्या तोंडी परीक्षेतही नाही. मी खारवाडी म्हणालो.

“मंग खारवाडीची माती आण.”

आता इथं माझं शिक्षण आडवं आलं. कृषी पदविकेत मातीचा नमुना घ्यायची रीत शिकवली होती, आणि त्या वर्षांत मी तो इतक्या वेळा घेतला होता की माझे हात आपोआप चालायचे. वरचा पाला-कचरा बाजूला करायचा. इंग्रजी व्हीसारखा खड्डा घ्यायचा. कडेची माती काढायची, सावलीत वाळवायची, ढेकळं फोडायची, चाळायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे. मी खारवाडीच्या रस्त्यालगत, वावराच्या कडेला, हे सगळं केलं. गावातले डोमाजी बांधावर बसून बघत होते.

“काय शोधून राह्यला रे?”

“टायर.”

डोमाजी थोडा वेळ खड्ड्यात डोकावले. “अजून खोल जा,” म्हणाले, आणि गावभर सांगायला गेले.

शाहनवाजभाईला मी पिशवी दिली तेव्हा तो खूश झाला. इतकी स्वच्छ माती त्याच्याकडे कोणी आणली नव्हती. त्यानं भिजवली, दूरच्या बटनवर दाबली, चाक फिरवलं. माती सपासप उडाली, एक थेंब माझ्या चहात पडला. “पास,” तो म्हणाला. दोन्ही चाकांना दूर बटन बसले. येताना गाडी डांबरावर अशी घरघरत होती की रस्त्यातली कुत्री बाजूला होऊन उभी राहिली. मला वाटलं, आदरानं.

मग पाऊस लागला, थांबेना, आणि एका सकाळी खारवाडीहून फोन आला. खुर्शीदबी ओरडून बोलत होती, कारण फोनवर तिचा भरवसा नव्हता.

“हंबरून राह्यली रे बेटा! पहाटेपासून!”

मी भांडं तपासलं आणि निघालो. डांबर संपलं, काळा रस्ता सुरू झाला आणि टायरनं सुरुवातीला खरंच माती फेकली. मी हसलोही. पुढं मात्र गाडी जड होऊ लागली. उतरून बघितलं तर बटन दिसत नव्हते. फटी भरल्या होत्या, मडगार्ड भरलं होतं, आणि चिखलातून काहीतरी पिवळं बाहेर डोकावत होतं. कुटार. बैलगाड्यांतून वर्षभर सांडलेला सोयाबीनचा, तुरीचा भुसा, चाकांनी मळून मळून मातीत गेलेला. आमच्याकडे भिंत लिंपायची तर मातीत हेच कालवतात, म्हणजे ती धरून राहते. खारवाडीच्या रस्त्यानं माझं चाक लिंपलं होतं. छान, गुळगुळीत, दिवाळीच्या आधीसारखं. आणि नमुन्यातून कुटार मीच बाजूला केलं होतं, मीच चाळलं होतं, रीतीप्रमाणं.

तुराटीनं खरवडलं. चार ढांगा गेलो, परत लिंपलं. शेवटी गाडी स्टँड न लावता उभी राहिली. मी हात सोडला, तरी उभी. माझ्या गाडीला पहिल्यांदाच कोणीतरी इतकं घट्ट धरलं होतं.

तिला तिथंच सोडलं आणि भांडं छातीशी धरून चालू लागलो. भांडं आडवं करायचं नसतं. त्यातला नायट्रोजन सांडला की बैल संपले. चपला पहिल्याच वळणावर रस्त्यानं घेतल्या. तळव्यांना चिखल चढत गेला, थरावर थर, आणि मी उंच होत गेलो. दर थोड्या वेळानं एक पाय झटकायचा, भांडं सरळ ठेवून. असं चालताना माणूस टायरचा विचार करत नाही. मी खुंटीचा विचार करत होतो.

खुर्शीदबी दारातच होती.

“गाडी कुठं हाये?”

“येऊन राह्यली मागून.”

तिनं माझ्या पायांकडे बघितलं. “हे नवे टायर का?”

“हो चाची. खास तुह्यासाठी निवडले.”

“बरे हायेत. धुवून घे, गोठा खराब होईन.”

गाय अजून माजावर होती. मी कांडी कोमट पाण्यात धरली, भरली, आणि गाईच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिलो. गाईला त्याची गरज नसते. मी निघताना तिनं मला तिच्या मरहूम नवऱ्याच्या चपला दिल्या. मोठ्या होत्या. पुढच्या चिखलात त्याही गेल्या.

गाडी काढायला चिखल वाळेपर्यंत थांबावं लागलं. शाहनवाजभाईला मी कुटाराचं सांगितलं. त्यानं हातातला हवेचा पाईप खाली ठेवला.

“तू माती आणलीच नाई बाबू,” तो म्हणाला. “तू पीठ आणलं. आन् मीही पिठालेच पास केलं.” मग म्हणाला, “कुटाराचा टायर अजून कोणी काढला नाई.”

पाऊस ओसरल्यावर मी खारवाडीला जाऊन गाय तपासली. कोपरापर्यंत हात आत, डोळे छपराकडे, आणि खुर्शीदबी माझ्या तोंडाकडे बघत उभी. बोटांना लागलं. “हाये,” म्हणालो. ती आत गेली. खुरप्याचा खुंटीवरून निघताना आवाज झाला. परत आली तेव्हा त्याच खुरप्यानं ती गाईसाठी गवत कापायला बसली, बसून-सरकून, स्वतःच्या अंगणात.

वासरू मे महिन्यात येईल. तेव्हा तो रस्ता दगडासारखा कडक असेल आणि त्यावर कोणताही टायर चालेल, गुळगुळीत झालेलासुद्धा. मग वासरू मोठं होईल, आणि गाय पुन्हा माजावर येईल, आणि ती कधी यायचं हे पंचांग बघून ठरवत नाही. म्हणून खालील मजकूर मी संबंधित कार्यालयाकडे पाठवत आहे:

विनंती करण्यात येते की, मौजे खारवाडी ते डांबरी रस्ता हे अंतर उन्हाळ्यात जेवढे असते, तेवढेच ते पावसाळ्यातही कायम ठेवण्यात यावे, व तसे आदेश सदर रस्त्यास समक्ष बजावण्यात यावेत.