दोन नाताळकार्डं

गुंडूरावांनी खिशातून दोन कार्डं काढली आणि काउंटरच्या काचेवर शेजारी शेजारी ठेवली.

“हे कुठं सापडेल?” त्यांनी कानडीत विचारलं.

चर्चच्या आवारातल्या त्या लहानशा पुस्तकांच्या दुकानात नाताळची गडबड होती. काउंटरवरच्या बाईंनी चष्मा सावरला. कार्डांवर शुभेच्छा नव्हत्या, सहीसुद्धा नव्हती. एकावर ‘यशया ७:१४’, दुसऱ्यावर ‘मत्तय २:१८’. एवढंच, रूपश्रीच्या तिरप्या अक्षरात.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या या एकुलत्या मुलीनं होसकोट्याच्या कारखान्यातल्या एका ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं, तेव्हा गुंडूरावांनी तिला दारातच बजावलं होतं, या घरी पत्र पाठवायचं नाही, तुझं काही कळवायचं नाही. त्र्याण्णवच्या नाताळात पहिलं कार्ड घरी आलं, चौऱ्याण्णवला दुसरं. आता बापाला धर्म शिकवते, असं म्हणून त्यांनी दोन्ही जयनगरच्या आपल्या कापडदुकानात नेऊन ठाणांच्या मागं टाकून दिली. यंदा मात्र डिसेंबर सरत आला तरी कार्ड नव्हतं. आठ दिवस ते पोस्टमनकडं बघत होते. आज सकाळी त्यांनी ठाणं उपसली.

“रायरे, तुम्ही मराठी ना? स्वल्प थांबा,” बाई म्हणाल्या आणि वरच्या फळीवरून एक जाड पुस्तक काढून पुसलं. “तुमच्या भाषेतलं एकच बायबल उरलंय.”

त्यांनी पान काढून दिलं. गुंडूरावांनी ओळीखाली बोट धरून वाचलं. कुमारीला दिवस जातील, तिला मुलगा होईल, त्याचं नाव काय ठेवतील, सगळं आधीच सांगितलेलं.

“येशूच्या जन्माचं भविष्य हे. कुणी पाठवलं?”

“मुलीनं.”

“मग गोड बातमी असणार!”

गुंडूरावांनी पहिल्या कार्डापासून मनाशी महिने मोजले. मूल आता दीड वर्षाचं. चालत असेल. कदाचित बोलतही असेल.

“दुसरंही जन्माच्याच गोष्टीतलं आहे,” म्हणत बाईंनी पानं उलटली आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं नाही. पुस्तक फिरवून गुंडूरावांकडं सरकवलं.

एक आई रडत होती. कुणाच्या समजावण्यानं ती गप्प राहत नव्हती, कारण तिची लेकरं आता नव्हती.

गुंडूरावांनी ते दोनदा वाचलं. मग कार्डं उचलून, पुस्तक तसंच उघडं ठेवून ते बाहेर पडले.

घरी भागीरथीबाई ओसरीवर अवरेकाईच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. नवऱ्याच्या हातातली कार्डं बघून त्यांनी सूप बाजूला केलं.

“वाचलंत?” त्यांनी विचारलं.

“तुला माहीत होतं?”

“पहिलं आलं त्याच आठवड्यात दवाखान्यातल्या ख्रिस्ती नर्सबाईंकडून अर्थ समजून घेतला. मग जूनमध्ये होसूरला अक्काकडं जाते म्हणाले ना, तेव्हा मी होसकोट्याला गेले होते. बाळंतपणाला.”

गुंडूराव त्यांच्यासमोर खालीच बसले. एक शेंग उचलली, पण ती त्यांना सोलता येईना.

“मुलगा होता?”

“मुलगी. अकरा दिवस होती.”

रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. गुंडूरावांनी हातातली शेंग तशीच सुपात परत ठेवली.

“यंदा कार्ड आलं नाही,” गुंडूराव म्हणाले.

“मीच नको म्हणाले तिला. म्हटलं, ते वाचत नाहीत गं. उगाच वाट बघत बसतेस.”

गुंडूरावांनी मान हलवली. ‘सरी, ठीक आहे’ असं काहीतरी पुटपुटले. मग त्यांनी विचारलं, “नाव ठेवलं होतं?”

“बारशाचा दिवस उजाडलाच नाही.” भागीरथीबाईंनी पदरानं डोळे टिपले. “पण रूपा पहिल्या दिवसापासून तिला सकवार म्हणायची.”

ते गुंडूरावांच्या आईचं नाव होतं. तिला जाऊन वीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत ते कुणाच्या तोंडून त्यांच्या कानांवर पडलं नव्हतं.

“परत सांग,” ते म्हणाले.