सांबारवडी दिसेना

आठवडा होत आला, सांबारवडी दिसली नव्हती. माझा जीव टांगणीला लागला होता.

सांबारवडी म्हणजे माझी गार्गी. दिवाळीत लग्नावरून बापाशी भांडली, पुण्याला निघून गेली आणि आम्हा दोघांचेही नंबर ब्लॉक केले. बापाचं ठीक, पण मी तिचं काय घोडं मारलं होतं? मग इंटरनेटवर गच्चीबागेच्या चर्चेत ‘सांबारवडी’ नावाची कुणी टमाटरचे फोटो टाकताना दिसली. झाड लावलं होतं माझ्याच कान तुटलेल्या, भाताच्या गंजात. तुळशीचं रोप त्यातच घेऊन गेली होती पोरगी. गंजाचा पोचासुद्धा मी ओळखला.

तिथं मी खातं उघडलं, पण एक अक्षर लिहिलं नाही. रोजचा फोटो दिसला की लेक बरी आहे एवढं कळायचं. आणि आता अचानक सगळं बंद. नाही नाही ते मनात येऊ लागलं. शेवटी वरच्या मजल्यावरच्या वेदिकाला हाक मारली. तिनं माझा फोन चाळला.

“काकू, ते गप्प नाही झाली. तुमचं इन्स्टन्स वेगळं, तिचं वेगळं.”

“इन्स्टन्स म्हणजे काय वं?” मी खेकसले. काळजीत माझी जीभ जरा जास्तच चालते.

“कळमन्याच्या बाजारात कसं, प्रत्येक अडत्याचं दुकान वेगळं, पण माल इकडून तिकडे जाते. ते फेडरेशन. दोघांचं वाजलं, माल बंद झाला का झालं डीफेडरेट. तुमच्या अ‍ॅडमिनचं तिच्यावाल्याशी वाजलं असन.”

म्हणजे भांडले दोन मालक आणि लेक दिसेनाशी झाली मला! आमच्या घरीही दुसरं काय झालं होतं म्हणा.

उपाय एकच होता, तिच्या इन्स्टन्सवर नवं खातं. पण तिथं आधी अर्ज. ‘तुम्हाला इथं का यायचं आहे?’

“बागकामाची आवड आहे, असं लिहा,” म्हणून वेदिका चहा ठेवायला आत गेली. माझ्याच्यानं खोटं लिहवेना. मी लिहिलं, ‘माझी लेक इथं आहे. तिला कृपया सांगू नका. मी काही लिहिणार नाही. ती बरी आहे, एवढंच रोज पाहायचं आहे.’ आणि खाली माझं नाव घालून पाठवून दिलं.

वेदिका बाहेर आली, अर्ज वाचला आणि कपाळाला हात लावला.

“काहून? कोण वाचते हे?”

“अ‍ॅडमिन.”

“कोण हाय तो?”

तिनं पान उघडून फोन माझ्यापुढे धरला. अ‍ॅडमिन: सांबारवडी.

आता ही इथूनही जाणार. होती ती खिडकीही मीच लावून घेतली. चहावर साय धरली तरी मी फोन हातातून सोडला नाही. वेदिका काहीबाही बोलत होती, मला ऐकू येत नव्हतं.

मग फोन वाजला. अर्ज मंजूर झाला होता. खाली निरोप होता.

‘आई, टमाटरची पानं पिवळी पडून राहिली. काय घालू वं?’