माहेरी गेलेला हॉबर्ट

आपल्या घरातनं संकेश्वरला काय जातं, यावर चंपाबाईंची नजर असायची. संकेश्वर म्हणजे सुनेचं माहेर. लोणच्याची बरणी गेली तर ती गळ्यापर्यंत भरून गेली की बोटभर खाली, हे त्या झाकण न उघडता सांगायच्या. त्रिशला वाईट सून नव्हती. पण वाईट नसणं वेगळं आणि माहेराकडं ओढा नसणं वेगळं. पाणी उताराकडंच धावतं. त्याला दोष द्यायचा नसतो, बांध घालायचा असतो, असं चंपाबाईंचं म्हणणं.

त्यामुळं सकाळी पाणी गाळताना त्रिशलाचं फोनवरचं बोलणं कानावर पडलं आणि चंपाबाईंचा हात फडक्यावरच थांबला.

"मग हॉबर्टला घे तुझ्याकडं. मी आजच पाठवते," त्रिशला भावाला कानडीत सांगत होती. कानडीत बोललं की सासूला कळत नाही, अशी सोय निपाणीकडं कुठल्याच सुनेला नाही.

हॉबर्ट हा हाडामांसाचा माणूस नव्हता. चंपाबाईंचा मुलगा भरमा बेळगावात कारखान्यात होता. त्याच्या ऑफिसातल्या सौरवनं, हा तिथल्याच अनगोळ भागातला, इंटरनेटवर बेसबॉलची लीग काढली होती. बेसबॉल म्हणजे अमेरिकेतला दांडू-चेंडूचा खेळ. ह्या लीगमधले खेळाडू कॉम्प्युटरनं घडवलेले. नावं इंग्रजी, आणि प्रत्येकाला वय, ताकद, दुखणी सगळं लावून दिलेलं. चेंडू कुणी टाकायचा, दांडू कुणी आधी धरायचा, कुणाला बसवून ठेवायचं, कुणाला दुसऱ्या टीमला देऊन कुणाला आणायचं, हे टीमच्या मालकानं संध्याकाळी ठरवायचं. मग कॉम्प्युटर आपला आपण मॅच खेळायचा आणि सकाळी निकाल लागायचा. भरमाच्या पाळ्या बदलल्या तशी त्यानं टीम बायकोकडं दिली. पाठोपाठ तिचा थोरला भाऊ कुमार, संकेश्वरात मोटार-पंपाचं दुकान असलेला, तोही एक टीम घेऊन लीगमध्ये शिरला.

नसलेल्या माणसांचे हात दुखतात आणि असलेली माणसं त्याची काळजी करतात, ह्या थेराला चंपाबाईंनी घरात जागा दिली ती एकाच कारणानं. भरमानं टीमला वडलांचं नाव लावलं होतं. 'नेमगोंडा निपाणी.' नेमगोंडा गेले त्याला वर्षं झाली, पण तंबाखूच्या बाजारात जुनी माणसं अजून त्यांच्या शब्दाचा दाखला द्यायची. चंपाबाईंनी आयुष्यात नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं, ते एका खेळासाठी घेतील कुठलं? त्या "आपली टीम" म्हणायच्या. पण निकाल रोज विचारायच्या. पहिल्यांदा हरले तेव्हा पडद्यावर 'नेमगोंडा पराभूत' असं आलं म्हणून त्या दिवशी सुनेशी धड बोलल्या नव्हत्या.

"कुणाला पाठवालीस संकेश्वरला?" त्यांनी फडकं पिळत विचारलं.

"हॉबर्टला, आत्ती. चेंडू टाकणारा डावखुरा."

"त्यो चांगला हाय म्हणत होतीस की."

"होता. आता छत्तीशीचा झाला. पाचव्या डावात दमतोय."

"म्हातारा झाला म्हणून माहेराला?"

"बदल्यात तरणा दांडूवाला आलाय. चांगलाय."

"आलेलं मला दिसंना. गेलेलं दिसलं," चंपाबाई म्हणाल्या आणि घागर उचलून आत गेल्या.

आत गेल्या खऱ्या, पण डोक्यात भुंगा लागला. हॉबर्ट म्हातारा असेल तर कुमारनं तो घेतला कशाला? कुमार काय चीज आहे हे त्यांनी सोयरीक जुळवतानाच बघितलं होतं. तो नारळ घेताना दुकानातले सगळे कानाशी हलवायचा आणि शेवटी पहिलाच उचलायचा. असला माणूस दमलेला गडी घेऊन तरणा देतो? एक तर सून खोटं बोलते, हॉबर्ट अजून धडधाकट आहे. नाही तर बहीण-भावाचं आतून काही तरी शिजतंय. दोन्हीत घराचं नाव जातंय एवढं नक्की.

त्यांनी पाळत ठेवली. पाळत ठेवायला शाळा लागत नाही. सकाळी निकाल आला की त्या त्रिशलाला आपल्याच नाही, सगळ्यांच्या मॅच वाचायला लावायच्या. वरून दाखवायचं, वेळ जात नाही म्हणून ऐकतोय.

"संकेश्वरचं काय झालं?"

"जिंकले. ब्रॉडीनं टाकला." ब्रॉडी हा कुमारचा सगळ्यात दांडगा चेंडूवाला. लीगमध्ये त्याच्यापुढं कुणाचा दांडू चालत नव्हता.

असं बरेच दिवस चाललं. नेमगोंडा निपाणी वर चढत चढत तिसऱ्या जागी पोचली. त्रिशलाच्या चालण्यातसुद्धा फरक पडला. भाकरी थापताना गुणगुणायची. भरमा शनिवारी आला की त्याला सांगायची, "तुमच्या हातात हुती तवा खालून दुसरी हुती." भरमा हसायचा. चंपाबाई हसायच्या नाहीत. फुकटचं मिळालेलं अंगाला लागत नाही, आणि हे त्यांना फुकटचंच वाटत होतं. फक्त कुणी कुणाला काय दिलं ते उलगडत नव्हतं.

मग एका दुपारी सौरवचा मेसेज आला. त्रिशलानं तो वाचला आणि तिचा चेहरा उतरला. चंपाबाईंनी सुपातल्या डाळीवरनं नजर न काढता म्हटलं, "मोठ्यानं वाच."

"वहिनी, राग मानू नका," त्रिशला वाचू लागली. "पण बाकीचे सगळे म्हणतायत की निपाणी आणि संकेश्वर आतून एक आहेत. हॉबर्टचा सौदा कुणालाच पटलेला नाही. सोमवारी तुमची कुमारशी मॅच आहे. त्यात परत काही तसं दिसलं तर दोन्ही टीम लीगमधून काढाव्या लागतील. नाइलाज आहे."

"काढतील म्हंजे? नावासकट?"

"नावासकट."

चंपाबाईंनी सूप खाली ठेवलं. ज्या माणसाच्या तोंडी सौद्यावर बाजार चालायचा, त्याचं नाव लबाडीसाठी पुसणार. तेही अनगोळचा एक पोरगा.

"आता खरं सांग," त्या म्हणाल्या. "भावाला काय काय पोचवलंस?"

"काय न्हाय पोचवलं, आत्ती."

"लोकं काय वेडी हाईत? मी काय वेडी हाय? फोनवर हळूहळू बोलतीस, गडी पाठवतीस, वर तोंड करून सांगतीस न्हाय म्हणून. हितं आल्यापास्नं तुझा एक पाय संकेश्वरातच हाय."

त्रिशला कधी उलट बोलत नसे. त्या दिवशीही बोलली नाही. तिनं लॅपटॉप आणून सासूच्या पुढ्यात ठेवला आणि कुमारबरोबरच्या जुन्या मॅच एकेक करून उघडायला लागली. "बघा. मी कायबी सोडलं न्हाय. माझी चांगली माणसं खेळलीत. ही बघा. ह्या मॅचलाबी. आणि अण्णाकडनं…"

ती थांबली.

"अण्णाकडनं काय?"

त्रिशलानं मागची मॅच उघडली. मग त्याच्या मागची. चंपाबाईंना इंग्रजी अक्षर येत नव्हतं, पण माणसाचा चेहरा वाचता यायचा. सुनेचे कान लाल झाले होते.

"ब्रॉडी न्हाय," ती हळूच म्हणाली. "एकाबी मॅचला न्हाय. आपल्यासंगं मॅच असली की त्याला विश्रांती दिलीया. दांडूवालेबी दुसऱ्या फळीतले. मला वाटलं माझं नशीब हाय. मला वाटलं मीच हुशार झाले."

सून माहेराला देत नव्हती. माहेरच ह्या घराला देत होतं. एवढे दिवस त्यांनी पुढच्या दाराला कडी लावून ठेवली आणि माल मागच्या दारानं आत येत होता. संशय खोटा ठरल्याचं दुःख त्यांना फारसं नव्हतं. संशय म्हणजे काय, घरात कुत्रं पाळल्यासारखा, कधी उगाचही भुंकतो. पण सोयऱ्यानं टाकलेलं आपण उचललं, तेही ह्यांच्या नावावर, हे त्यांच्या घशाखाली उतरेना.

"बोलाव त्याला," त्या म्हणाल्या. "रविवारी. ह्यातलं कायबी बोलू नको, नुसतं ये म्हण."

कुमार रविवारी सकाळीच आला. हातात वांग्यांची पिशवी होती. चंपाबाईंनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि तांब्या खाली ठेवायच्या आत विचारलं.

"तुझ्या त्या दांडग्याला आमच्याच मॅचला कसं काय दुखणं येतंय रं?"

कुमारनं बहिणीकडं बघितलं. ती दाराला टेकून उभी होती.

"मावशी, खेळच हाय ह्यो."

"मग खेळ की. आम्ही काय धरलंय व्हय तुला?"

कुमार पिशवीच्या बंदाशी चाळा करू लागला. "आमच्या आप्पांनी लहानपणापास्नं सांगितलंय," तो म्हणाला, "लेक दिली त्या घरचं घ्यायचं न्हाय. द्यायचं तेवढं द्यायचं. आप्पा ह्या घरचं पाणीसुदीक पीत न्हाईत, तुम्हाला म्हाईत हाय. मी पाण्यापतूर आलोय. पण तिला हरवून गुण न्यायचे आणि तेबी तिच्या मामंजींचं नाव असलेल्या टीमकडनं, हे हातानं होईना. पहिल्या मॅचला ब्रॉडीला घातलता मी. परत काढला. मला बरं वाटंना."

"आणि हॉबर्ट?"

"तिला तरणा गडी पायजे हुता. दिला. म्हातारा कुणी घेईना, म्या घेतला."

"म्हंजे तू आम्हाला भीक घालत हुतास."

"भीक न्हाय, मावशी. मान."

"मान ताटात वाढत्यात, चारचौघांत. अंधारात ठेवून जात्यात त्याला दुसरं नाव हाय." चंपाबाईंचा आवाज चढला नव्हता, पण कुमार सरळ बसला. "आमचे हे बाजारात कितीदा तरी हरले. हरलो म्हणून घरी आले, जेवले, झोपले. पण समोरच्यानं कीव करून सोडलेलं कधी उचललं न्हाय. तू त्यांच्या नावाला ते उचलायला लावलंस. आणि हिला," त्यांनी दाराकडं बोट केलं, "हिला वाटलं आपण जिंकलो."

त्रिशला पहिल्यांदाच बोलली. "अण्णा, माझ्या खऱ्या किती हाईत?"

"बाकीच्यांच्यासंगं जिंकलीस त्या सगळ्या खऱ्या."

"आणि तुझ्यासंगं?"

कुमारनं तांब्या उचलून परत खाली ठेवला. त्रिशलानं पदरानं तोंड पुसलं आणि लॅपटॉप उघडला. त्याचा तरणा दांडूवाला तिनं परत केला, हॉबर्टला माघारी घेतला आणि तसं सौरवला लिहून कळवलं. मग म्हणाली, "उद्या ब्रॉडीला घाल. न्हाय घातलास तर मी राखीला येणार न्हाय."

"ती येईल न येईल, मी पाठवणार न्हाय," चंपाबाई म्हणाल्या. "आत्ताच लाव तुझी माणसं. माझ्याम्होरं. त्रिशला, तू परसात जा. दुसऱ्याचा डाव बघायचा नसतो."

त्रिशला गेली. कुमारनं फोनवर बोटं फिरवली आणि चंपाबाईंपुढं धरला. त्यात मुंग्यांसारखी अक्षरं होती.

"ह्यातला दांडगा कुठला?"

"ह्यो. पहिला."

"खरं का?"

"खरं, मावशी."

आता तो पहिला ब्रॉडी होता की गावचा गुरव, हे चंपाबाईंना कुठनं कळणार? संध्याकाळी कुमारनं तो परत बदलला नसेल कशावरनं? माणूस मवाळ आहे, आणि मवाळ माणूस शब्द मोडतो तोसुद्धा प्रेमानं. तो गेल्यावर त्रिशलानं विचारलं, "काय लावलं त्यानं?" चंपाबाई म्हणाल्या, "सांगणार न्हाय. तू तुझं बघ." दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली आणि त्रिशला आपली टीम लावत बसली. दोनदा लावून पुसली. शेवटी हॉबर्टलाच सुरुवातीला ठेवला.

सोमवारी सकाळी चंपाबाईंनी पाणी गाळायला घेतलंच नाही. त्या लॅपटॉपशेजारी पाट घेऊन बसल्या.

त्रिशला डावामागून डाव वाचत गेली. हॉबर्ट पाचव्या डावात दमला, तिनं आधीच सांगून ठेवलं होतं तसा कॉम्प्युटरनं त्याला काढला. दोन धावा अंगावर होत्या. तिच्याकडनं सातव्या डावापर्यंत एकसुद्धा धाव नव्हती. आठव्यात तिच्या कुणा एका किरकोळ गड्यानं चेंडू लांब टोलावला आणि तीन माणसं फेरी पुरी करून आली, म्हणजे एकदम तीन धावा.

"तीन-दोन," त्रिशला म्हणाली. "जिंकलो, आत्ती."

"चेंडू टाकायला कोण हुतं तिकडनं?"

"ब्रॉडीच. सुरुवातीपास्नं."

चंपाबाईंच्या कपाळावरची आठी गेली नाही. ब्रॉडीला घातला, पण आजारी करून घातला असेल. दमलेला घातला असेल. कॉम्प्युटरात काय काय करता येतं कुणाला माहीत? आणि आठव्या डावापर्यंत एकही धाव न देणारा माणूस एकदम तीन देतो?

"फोन लाव भावाला. मोठ्यानं ऐकू येतंय तसा कर."

पहिल्यांदा त्यानं उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला आणि 'हॅलो' सुद्धा म्हणाला नाही.

"अण्णा, बघितलंस का?"

"बघितलं. काय बघायचं त्यात?" कुमारचा आवाज कोरडा ठणठणीत होता. "तुझ्या त्या फुसक्या गड्यानं वर्षात एक चेंडू लांब मारला न्हाय, त्यो नेमका माझ्या ब्रॉडीला मारतोय? ह्याला काय खेळ म्हणत्यात? सातव्यानंतर काढायला पायजे हुता त्याला, मीच गाढव. आणि तू लई शहाणी झालीस म्हणू नको, नशीब हाय नुसतं."

"अण्णा, चिडलास व्हय?"

"मी कशाला चिडू?" तो म्हणाला, आणि तिथनं पुढं कानडीत गेला, आणि कानडीत त्यानं कॉम्प्युटरला, सौरवला, त्या किरकोळ गड्याला आणि शेवटी बहिणीलाही घेतलं. संकेश्वरच्या माणसानं बहिणीच्या सासरी असं बोलल्याचं चंपाबाईंनी जन्मात ऐकलं नव्हतं. मग फोन बंद झाला. 'ठेवतो' म्हणून सांगणंसुद्धा नाही.

चंपाबाईंनी एवढ्या वेळात पहिल्यांदा पाठ भिंतीला टेकली. गोड बोलला असता, "शाब्बास, बहिणाबाई" म्हणाला असता, तर त्यांनी टीम त्याच दिवशी बंद करायला लावली असती.

"खरं हरलाय," त्या म्हणाल्या.

सौरवचा मेसेज आला होता: मॅच बघितली, कुणाची काही तक्रार नाही. त्रिशलानं तो वाचून दाखवला, पण तिचं लक्ष फोनकडं होतं.

"लई वाईट वाटलंय त्याला. परत लावू का? समजूत घालते."

"लावू नको," चंपाबाई म्हणाल्या. "चार दिवस चिडू दे. समजूत घातलीस की परत दान द्यायला लागंल."