खुणेचा बार

केरबा लोहारानं चांदमारीच्या माळावर कागदाला तीन बार मारले, की त्याच्या घरातली तीन माणसं त्या भोकांच्या बेतानं एकमेकांच्या जवळ यायची नाहीतर लांब जायची. पहिला बार केरबाचा, दुसरा त्याच्या बायकोचा, हौसाचा, आणि तिसरा लेकीचा, सुलीचा. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण गावात त्याची कुणाला शंकाही नव्हती.

बंदूक धाकट्या सरकारांची. नळी विलायतेहून आलेली, दस्ता केरबानं सरकारांच्या खांद्याचं माप घेऊन शिसवीचा घडवलेला. दरीच्या ह्या धारेवरून त्या धारेवरचं जनावर मारायची बंदूक, तिला बाजारचा बार कुठला चालायला. हातानंच भरायला हवा. सरकार म्हणाले होते, "खंडेनवमीला ही पूजेत बसायच्या आधी तीन बार एका भोकातनं गेले पाहिजेत. न्हाईतर तू तुझी वाट धर."

पहिल्या दिवशी दोन भोकं एकमेकांना खेटून पडली. त्यात कसलं आलंय नवल, बावीस वर्षांचा संसार होता. तिसरं मात्र चांगलं वीतभर लांब, उजवीकडे वर. सुली मिरजेला नर्सचं शिकत होती.

मग केरबा कामाला लागला. सोनाराच्या काट्यावर दारू तोलायची, दोन दाणे काढायचे, पुन्हा तोलायची. काडतुसाच्या पितळी पुंगळीचं तोंड दिव्यावर धरून मऊ करायचं. गोळी केसभर आत बसवायची. एकदा त्या बंदुकीतून उडालेली पुंगळी तिच्याच अंगाची होते, दुसऱ्या कुठल्या बंदुकीत जात नाही, म्हणून त्याच त्याच पुंगळ्या तो पुन्हा भरायचा. तिसऱ्या दिवशी तिसरं भोक चार बोटांवर आलं, आणि सुलीचं वसतिगृह गावच्या तळ्याच्या काठावर आलं. दुपारी ती चालत घरी आली, जेवली आणि चालत परत गेली.

खरं सांगायचं तर केरबा हरखला. पोरगी शिकायला गेली त्या दिवसापासून त्याला घास गोड लागत नव्हता, आणि हे त्यानं हौसालाही सांगितलं नव्हतं. सरकारांचा धाक होताच. पण काट्यावर वाकायला आता त्याला धाकाची गरज उरली नव्हती.

दोन बोटांवर वसतिगृहाची भिंत परड्याच्या भिंतीला येऊन लागली. एका बोटावर सुलीची खाट चुलीशेजारी आली. वसतिगृहासोबत आलेला दवाखाना मात्र तळ्याकाठीच राहिला. तिथले रोगी "सिस्टर, पाणी" म्हणून हाका मारायचे ते घरात ऐकू यायचं. सुली उठायची, दारातून बाहेर पडायची आणि चुलीपाशीच यायची.

"आबा, काल किती भरलंत?" तिनं विचारलं.

"दोन दाणे कमी केले."

"सोमवारी माझी परीक्षा हाय."

"हुईल कायतरी."

"दार मला बाहेर सोडंना, आबा."

केरबानं काटा पुसायला घेतला. दुसऱ्या दिवशी तिसरं भोक अर्ध्या बोटावर पडलं. तिघांना एका ताटात जेवावं लागलं. हौसानं भाकरी मोडली की सुलीचं कोपर हलायचं. केरबाला ठसका लागला की खोकायची हौसा. सुलीचा श्वास आधी तिचा एकटीचा होता, तो आता तिघांत वाटला जायला लागला आणि तिच्या वाट्याला थोडाच यायचा. तिचे ओठ निळे पडले.

"अवो," हौसा म्हणाली, "तुमास्नी लेक जवळ पायजे का जिती पायजे?"

केरबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं माझं," तो म्हणाला. "बंदूक गेली खड्ड्यात. पोरगी जाऊ दे."

शेवटचे तीन बार त्यानं अष्टमीच्या सकाळी भरले. दोन बिनचूक. तिसऱ्यात दारू मुद्दाम जास्त घातली, बंदूक फुटायची नाही पण गोळी कागद सोडून जाईल एवढी. ओळखू यावा म्हणून त्याच्या बुडावर कानशीनं ओरखडा मारला. खोट असलेल्या मालावर खूण करायची, चांगल्यावर नाही, ही त्याच्या बापाची शिकवण होती.

माळावर तिघंही गेली. वेगळं जाता येत नव्हतं.

"सगळं घर घेऊन आलास?" सरकार म्हणाले.

"जी सरकार."

"असू दे. आज मीच मारतो."

सरकारांनी तिन्ही बार तळहातावर खुळखुळवले आणि एकेक उलटा करून पाहिला. ओरखड्याचा बार त्यांनी चिमटीत धरला.

"हा खास दिसतोय. खूण केलीयस."

"सरकार, तो शेवटी घ्या."

"का?"

केरबानं सगळ्याचा विचार केला होता, ह्याचा नव्हता. "तो... तो तिसरा हाय, सरकार," एवढंच तो बोलला.

"चांगलं ते आधी खावं," सरकार म्हणाले आणि त्यांनी तो बंदुकीत घालून खटका ओढला.

बार उडाला. कागद हललासुद्धा नाही.

केरबा पलीकडच्या धारेवर कारवीच्या झुडपांत उभा होता. मधे सगळी दरी. इतक्या दिवसांनी त्याचं कोपर त्याचं एकट्याचं होतं. त्यानं छातीभर श्वास घेतला, त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. समोर माळावर हौसा आणि सुली एकाच जागी उभ्या होत्या. इतक्या लांबून त्या दोन आहेत हे कळत नव्हतं.

सरकारांनी कोरा कागद पाहिला. मग नळीवरच्या दुर्बिणीला डोळा लावला आणि नळी कागदावरून सरकवत वर आणली. आत जनावर असावं तशी कारवी हलत होती. ती केरबामुळंच हलत होती. तो जागच्या जागी थांबला, पण दरीतून वारा आला आणि झुडपं हलतच राहिली.

"सरकार, मी हाय," तो ओरडला. दरीनं ते गिळून टाकलं.

त्यानं दोन्ही हात वर केले. सरकार खाली वाकले आणि त्यांनी गुडघा टेकला. एक बार त्यांच्या डाव्या मुठीत होता, दुसरा, हौसाचा, त्यांनी बंदुकीत घातला. केरबाला तो बार पाठ होता. पुंगळीचं तोंड त्यानं मऊ केलं होतं, दारू दाण्यादाण्यानं तोलली होती, गोळी केसभर आत बसवली होती. त्याच्यात कसलीही खोट नव्हती.

माळावर हौसानं सुलीच्या खांद्यावरचा आपला हात एकेक बोट करून सोडवला. मग ती तिच्यापासून एक पाऊल बाजूला झाली आणि तिनं धारेकडे पाहिलं. आता त्या दोन दिसत होत्या.

नळीच्या तोंडाशी धुराचा ठिपका उमटला. आवाज अजून यायचा होता. हौसा निघाली होती.