ताईची दुनळी

ताई गेल्यानंतर चौथ्या महिन्यात रानडुकरांनी बटाट्याचं वरचं शेत उकरून काढलं. तेव्हा धाकटीने कपाटातली दुनळी बंदूक काढली आणि बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं दुकान गाठलं.

दोघी बहिणी तीस वर्षं त्या शेतावर राहिल्या. लग्न दोघींनीही केलं नाही. डुकरं आली की बंदूक ताईच्या हातात आणि काडतुसांची पिशवी घेऊन धाकटी तिच्या मागे. "तू फक्त कुठंय ते सांग, बाकी मी बघते," ताई म्हणायची. धाकटीने इतक्या वर्षांत चाप कधी ओढला नव्हता. परवाना तिच्या नावावर झाला तोच मुळी गेल्या आठवड्यात.

कारागिराने बंदूक लगेच ओळखली. "ताईंची ना? कळलं मला. फार वाईट झालं." तेलकट हात फडक्याला पुसत त्याने विचारलं, "चालवणार कोण?"

"मीच."

"बरोबर कोण असेल?"

"कोणी नाही."

तो कामाचं बोलू लागला. डुकरासाठी एक तर मोठे छर्रे. एका काडतुसात नऊ दाणे, पण पंचवीस पावलांपलीकडे ते विखुरतात आणि जनावर नुसतं जखमी होतं. नाहीतर शिशाची एकच जड गोळी. ती पन्नास पावलांवरही काम करते, पण नेम पक्का हवा.

"आतून पीळदार खाचा असलेली नळी घेतलीत तर गोळी आणखी सरळ जाईल. पण तिच्यातून छर्रे नीट जात नाहीत."

"मला हीच चालवायची आहे," ती म्हणाली.

"चालेल की. नळीचं तोंड आवळलेलं असतं, त्याला चोक म्हणतात. फार घट्ट चोकमधून जड गोळी मारू नये. पण हिची दोन्ही तोंडं मीच मोकळी करून दिलीत. झाली बारा वर्षं."

"कशासाठी?"

कारागीर घुटमळला. "आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? ताईंना लांबचं दिसेनासं झालं होतं. म्हणाल्या, छर्रे जवळच पसरू देत, नेम थोडा हुकला तरी लागायला हवं. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

तिला ठाऊक नव्हतं. डुक्कर वीस पावलांवर येईपर्यंत ताई हलायची नाही, आणि धाकटीला वाटायचं, काय छातीची आहे आपली बहीण! आपण मागून कुजबुजायचो, "डावीकडे, बांधाजवळ, आता..." ते ताई नुसतं कौतुकाने ऐकून घेते, असंच धाकटी समजत आली होती. एका घरात, एका टेबलावर समोरासमोर जेवून बारा वर्षं ही गोष्ट लपली. तिला आधी राग आला. मग तो कोणावर काढायचा ते कळेना.

दुकानामागच्या मातीच्या उंचवट्याला पुठ्ठा टेकवून त्याने तिच्याकडून चाळीस पावलांवरून बार काढून घेतले. उजव्या नळीच्या तीन गोळ्या तळहाताएवढ्या जागेत लागल्या. डावीची वीतभर बाजूला गेली.

"दुनळीत असं होतं. उजवीत गोळी घाला, डावीत छर्रे. छर्रे फक्त अंगावर आलं तर. पडलं तरी पाव तास जवळ जायचं नाही. आणि जखमी डुकरामागे एकटीने झाडीत शिरायचं नाही. मला फोन करायचा."

तिसऱ्या दिवशी ऊन उतरताना कुंपणाजवळून एक मोठा नर आला. धाकटी दगडाआड बसली होती. "अजून थोडं पुढे," ती कुजबुजली, आणि ऐकायला कोणी नाही हे तिच्या मग लक्षात आलं. पुढच्या पायामागे नेम धरून तिने चाप ओढला. डुक्कर दहा पावलं पळालं आणि कोसळलं. ती सांगितल्याप्रमाणे पाव तास बसून राहिली. शेत चिडीचूप झालं होतं.

बार ऐकून शेजारचा शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. अंतर बघून म्हणाला, "एवढ्या लांबून? ताईंचा हात आला म्हणायचा तुमच्या हातात."

"हो ना," ती म्हणाली. ताईची गोष्ट तिने ताईपाशीच ठेवली.

घरी येऊन कपडे बदलताना दिसलं, खांदा काळानिळा पडला होता. तिने गरम पाण्याने शेकला. डाव्या हाताने उजवा खांदा नीट शेकता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात खांद्याचं ऐकून कारागीर म्हणाला, "खांद्याला टेकतो तो दस्ता तुम्हाला लांब पडतोय. ताई उंच होत्या." त्याने तिचा हात कोपरात वाकवला, कोपरापासून चापावरच्या बोटापर्यंत फीत धरली आणि आकडा लिहून घेतला. चार महिन्यांत तिच्या हाताला कोणी हात लावला नव्हता.

"पुन्हा एकदा मोजता का?" ती म्हणाली. "चूक नको व्हायला."

त्याने फीत पुन्हा उलगडली.